कनकलेखा आणि जनान्याचं दार

आदिलाबादच्या कापूस मार्केटमागे सुधाकररावांची टॉकीज होती. छपराला पत्रे होते म्हणून सगळं गाव तिला पत्र्याची टॉकीज म्हणायचं. तिला दोन दारं. मोठं रस्त्यावर, ते पुरुषांचं. दुसरं मागच्या गल्लीत, लिंबाच्या झाडाखालून आत जाणारं. त्याच्या चौकटीवर तेलुगू, उर्दू आणि मराठी अशा तिन्ही लिप्यांत एकच शब्द रंगवलेला होता, जनाना. या दारावर सोजरबाई बसायची.

तिकीट फाडणं हे तिच्या कामातलं सगळ्यात सोपं काम. हॉलच्या मधोमध छातीएवढी भिंत होती. अलीकडे बाया, पलीकडे बाप्ये, आणि भिंतीवर तारेला अडकवलेला जाड हिरवा पडदा. दिवे गेले की सोजरबाई पडदा सरकवायची आणि इंटरवलचे दिवे लागायच्या आत परत ओढून घ्यायची. अंधारात बाई दिसत नाही म्हणून पडदा नको, उजेडात दिसते म्हणून पाहिजे, असा सुधाकररावांच्या वडिलांच्या काळापासूनचा नियम होता. शिवाय तान्ह्या लेकरांसाठी खांबांना लुगड्याच्या झोळ्या बांधायच्या, हरवलेली चप्पल शोधून द्यायची, रडून बेजार झालेल्या बाईला पाणी द्यायचं, आणि भिंतीवरून डोकावणाऱ्या टोणग्यांना खराट्याचा दांडा दाखवायचा. तिच्या वेळेला जनान्यात शिरायची हिंमत एकाच गड्यानं केली होती. तो बायकोचा निरोप घेऊन आलो म्हणाला. सोजरबाईनं त्याला बायकोचं नाव विचारलं, आणि त्याला ते पटकन आठवेना. त्याची टोपी पुढं बरेच दिवस दाराच्या खिळ्याला लटकत होती.

सोजरबाई मूळची भीमपूरकडची. लग्न होऊन आदिलाबादला आली. नवरा खुशाल कापूस मार्केटात हमाल. उंच, रुंद खांद्याचा आणि बोलायला अतिशय कमी. तो दिवसभरात जेवढं बोलायचा तेवढं सोजरबाई एक भाकर थापेपर्यंत बोलून टाकायची. एक मुलगा होता, देवाजी, तो निर्मलला शिकायला. बौद्धवाड्यात दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, अंगणात पाण्याची टाकी. नवरा-बायकोत भांडण असं कधी कोणी ऐकलं नाही. गोडीगुलाबीही कोणी पाहिली नाही. शेजारणी म्हणायच्या, खुशाल म्हणजे खांब आहे. सोजरबाईही हसून मान हलवायची.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात टॉकीजवर 'कनकलेखा' आला.

आला म्हणण्यापेक्षा एकदाचा पोचला म्हणायला पाहिजे, कारण तीन वर्षं त्याची वाट पाहणं चाललं होतं. हिंदी सिनेमा, जुन्या काळातला. गोदावरीकाठच्या कुठल्याशा नगरीत कनकलेखा नावाची राजनर्तकी असते. राजाला देवीची मूर्ती घडवायची असते आणि तिच्यासाठी मूर्तिकारापुढं कनकलेखेनं उभं राहावं असा त्याचा हुकूम असतो. मूर्तिकार असा की जन्मात त्यानं दगडाशिवाय कशाला हात लावलेला नाही. पुढं व्हायचं तेच होतं. सिनेमा काढणाऱ्यानं ते जरा मोकळेपणानं दाखवलं, आणि सेन्सॉरनं तो अडवला. मग दुसरी कमिटी बसली. तिनंही अडवला. मग तो माणूस कोर्टात गेला. तेवढ्यात कोणी दुसरेच उठले, की आमच्या राजाची बदनामी केली. असा राजा झालाच नाही हे सांगण्यात आणखी एक वर्ष गेलं. शेवटी बरीच कापाकापी करून, फक्त प्रौढांसाठी म्हणून, तो पास झाला.

ही सगळी हकिगत सोजरबाईला गफूरभाईकडून कळायची. गफूरभाई टॉकीजचा ऑपरेटर. दुपारच्या खेळाआधी लिंबाखाली बसून तो उर्दू पेपर मोठ्यानं वाचायचा आणि तिला समजेल अशा हिंदीत सांगायचा.

"सोजरबहन, वो डायरेक्टर बोलता है, मेरे पिक्चर के हाथपाँव काट दिये."

"मंग चालन कसा तो?" सोजरबाई विचारायची.

"चलेगा. लंगडा चलेगा."

सिनेमा लागायच्या आधीच गावातल्या सदाचार समितीचे लोक सुधाकररावांकडे आले. समिती म्हणजे सातआठ वजनदार माणसं, पुढारी अडत्ये चंपतराव. पोस्टरवर पाठमोरी, ओल्या केसांची कनकलेखा होती, तिच्यावर त्यांनी आधीच डांबर फासलं होतं. सिनेमाच लावू नका, असं त्यांचं म्हणणं. सुधाकरराव म्हणाले, रिळं मागवली, गावभर रिक्षा फिरवली, आता कसा काढू. तासभर बोलणं झालं. शेवटी असं ठरलं की सिनेमा लागेल, पण बायांना दाखवायचा नाही. जनान्याचं दार बंद.

सुधाकररावांनी स्वतः येऊन कडीला कुलूप घातलं.

"सोजरबाई, हा सिनेमा उतरेपर्यंत तुले सुट्टी समज," ते म्हणाले. "पगार चालू राहीन. घरी बस."

घरी बसून सोजरबाईला करमेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आपली रोजच्या वेळेला येऊन बंद दारासमोर स्टूल टाकून बसली. आदिलाबादचा हिवाळा, ऊन अंगावर घ्यायला बरं वाटत होतं. आणि बाया यायला लागल्या. कोणी तिकिटासाठी, कोणी नुसतं विचारायला.

"काऊन बंद केलं वं?"

"बायांनी पाहाचं नाई म्हणते."

"असं काय हाय त्याच्यात?"

"मी बी कुठं पाह्यलं."

द्वारकाबाई नावाची एक म्हातारी भाजीवाली होती, मार्केटच्या तोंडाशी बसणारी. ती टोपलं उतरवून सोजरबाईजवळ टेकली. तिनं कुलुपाकडे बराच वेळ पाहिलं.

"पाच लेकरं झाली मले," ती म्हणाली. "एवढं सगळं होऊन माह्यं आता काय बिघडाचं राह्यलं हाय?"

बाया हसल्या. पण सोजरबाई जरा विचारात पडली. आजवर तिनं हजारो बायांना आत सोडलं होतं. कोणत्या सिनेमाला बाया रडतात, कोणत्याला हसतात, कोणता पाहून घरी जायला उशीर करतात, हे तिला ठाऊक होतं. या सिनेमाला त्यांनी काय केलं असतं, ते मात्र सांगता येत नव्हतं. पुरुष खेळ सुटल्यावर बाहेर यायचे ते एक तर नको तेवढं हसत, नाही तर कोणाकडे न पाहता सरळ सायकलीकडे जात.

चौथ्यापाचव्या दिवशी एक बाई शाल डोक्यावरून घेऊन आली. हातात भाजीची पिशवी, पिशवी रिकामी. सोजरबाईनं तिला ओळखलं. चंपतरावांची बायको, कुसुमबाई. ती यापूर्वी टॉकीजला आलेली सोजरबाईला आठवत नव्हतं.

"बसा नं बाई," सोजरबाई स्टूल पुढं करत म्हणाली.

कुसुमबाई बसली नाही. "एक इचाराचं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "त्या कनकलेखेचं शेवटी काय होते?"

सोजरबाईनं पुढं केलेलं स्टूल खाली टेकवलं.

"आमच्या घरी रोज सांजच्याला तेच बोलणं चालते," कुसुमबाई म्हणाली. "समितीचे सगळे जण येतात. कोन्या जागी काय हाय, कसं वाईट हाय, सगळं सांगून राह्यले. मी दाराआडून ऐकतो. पण शेवट आला का चहाची हाक येते, आन् मी आत जातो. काल बी तसंच झालं."

"मले नाई ठाऊक बाई. मी पाह्यला नाई."

"तुमी बी नाई?" कुसुमबाईला ते खरं वाटेना. मग तिनं शाल सारखी केली आणि रिकामी पिशवी घेऊन निघून गेली. सोजरबाईला त्या दिवशी भाकर थापताना बोलणं सुचलं नाही. खुशालनं दोनदा वर पाहिलं.

त्या आठवड्यात समितीनं अर्ज केला, की कापलेला भाग सुधाकररावांनी गुपचूप परत जोडून दाखवायला घेतला आहे. ते काही खरं नव्हतं. पण तपासणी करायला कचेरीतून एक तेलुगू साहेब जीपनं आले. शांत, चष्मा लावलेले, हातात सर्टिफिकेटची नक्कल. पूर्ण सिनेमा पाहिला, गफूरभाईच्या खोलीत जाऊन रिळं पाहिली, सगळं कागदाप्रमाणे आहे म्हणाले. मग हात धुवायला गल्लीतल्या नळावर आले, तिथं त्यांना कुलूप दिसलं आणि कुलपासमोर बसलेली सोजरबाई दिसली.

"ये दरवाजा क्यों बंद है, अम्मा?"

"औरतों को मना है, साब."

"किसने मना किया?"

सोजरबाईनं सुधाकररावांकडे पाहिलं. सुधाकरराव म्हणाले, गावातल्या मोठ्या लोकांचं म्हणणं पडलं, म्हणून.

साहेबांनी रुमालानं हात पुसले. "सर्टिफिकेट में उमर लिखी है," ते म्हणाले. "औरत-मर्द का कुछ नहीं लिखा." एवढं बोलून ते जीपमध्ये बसले. दार उघडा असं काही ते म्हणाले नाहीत, आणि बंद ठेवा असंही नाही.

जीप गेली. सुधाकरराव आत जायला वळले तशी सोजरबाई स्टुलावरून उठली.

"मालक, एक खेळ द्या."

"कशाचा खेळ?"

"बायांचा. फक्त बायांचा. बाप्या माणूस एक बी नाई. मंग कोन काय म्हणन?"

"चंपतराव म्हणतील."

"ते म्हणतील तं मले बोलवा. मी बोलतो त्यायच्याशी."

सुधाकरराव भिडस्त माणूस. इतक्या वर्षांत सोजरबाईनं त्यांच्याकडे रजेपलीकडे काही मागितलं नव्हतं. त्यांनी बराच वेळ मान खाजवली आणि मग अटी घातल्या. गुरुवारी दुपारी, मार्केट बंद असतं तेव्हा. गवगवा करायचा नाही. कोणी विचारलं तर बायांनीच हट्ट केला म्हणून सांगायचं. आणि प्रौढांचा सिनेमा आहे, म्हणून लेकरू आत नको, तान्हंसुद्धा नको. झोळ्या बांधायच्या नाहीत.

ही शेवटची अट अवघड होती. लेकुरवाळ्या बाया लेकरं टाकून येणार कशा? सासूजवळ ठेवावं तर कुठं जाते ते सांगावं लागणार, आणि निम्म्या सासवा स्वतःच यायच्या होत्या. सोजरबाई घरी आली. खुशाल अंगणात पाय धूत होता.

"अवो, गुरुवारी तुमाले काम नाई नं?"

"नाई."

"टॉकीजवर या मंग. लेकरं सांभाळाची हाय. बायांचा खेळ सुटेपर्यंत."

खुशालचे पाय धुवून झाले, त्यानं तांब्या पालथा घातला. "किती हायेत?"

"असतीन धा-बारा. ज्यास्ती बी असतीन."

"मी एकटा नाई पुरणार," तो म्हणाला. "बाबारावले आन् बापूजीले आनतो."

गुरुवारी दुपारी लिंबाखाली तीन हमाल उभे होते. खुशालनं सकाळीच येऊन फांद्यांना झोळ्या बांधल्या होत्या आणि खाली रिकामी बोंद्रं, कापसाची मोठी पोती, अंथरली होती. बाया गल्लीतून येत होत्या, दोघी-तिघी मिळून, काही डोक्यावर पदर ओढून, काही मोकळ्या तोंडानं. लेकरू हातात द्यायच्या, याला भूक लागली तर असं करा, ही झोपत नसली तर तसं करा, असं सांगायच्या आणि आत शिरायच्या. खुशाल प्रत्येकीचं ऐकून मान डोलवायचा. बाबाराव एका रडक्या पोराला खांद्यावर घेऊन कापसाचं बोंद्र चालवावं तसा गल्लीभर चालत होता.

सोजरबाई कुलूप काढून दारात बसली. शाळेतल्या रुक्माबाई आल्या. त्या बौद्धवाड्यातल्या पहिल्या मास्तरीण, नेहमी पांढरं पातळ नेसायच्या आणि कोणाशी जास्त बोलायच्या नाहीत. "जय भीम, सोजरबाई," म्हणून तिकीट पुढं केलं. द्वारकाबाई आली ती न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून. तेलुगू बाया आल्या, मोहल्ल्यातल्या बुरखेवाल्या आल्या. सगळ्यांच्या शेवटी, दिवे जायच्या बेतात असताना, कुसुमबाई आली. या वेळी हातात पिशवी नव्हती.

पडद्यावर आधी सर्टिफिकेट आलं, त्यावर त्रिकोण होता. गफूरभाईनं सोजरबाईला सांगून ठेवलं होतं, त्रिकोण म्हणजे कात्री लागलेली आहे. मग नदी आली, नगरी आली, आणि कनकलेखा आली.

सिनेमा चांगला होता. निदान सोजरबाईला तरी तो चांगला वाटला. गाणी संथ होती, कोणी कोणाला मारत नव्हतं. मूर्तिकार कनकलेखेला उभं करायचा, छिन्नी चालवायचा, आणि तिच्याकडे पाहणं टाळायचा. ती विचारायची, न पाहता माझी मूर्ती कशी करणार? बाया गालात हसल्या. मग पावसाची रात्र आली. नदीला पूर, नाव बंद, कनकलेखा मूर्तिकाराच्या कार्यशाळेत अडकली. तिनं पायातले चाळ सोडून दिव्याजवळ ठेवले. मूर्तिकाराच्या हाताला दगडाची भुकटी लागलेली होती. त्यानं ते हात धुतले, पुसले, तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि एक हात तिच्या गालाजवळ नेला. हॉलमध्ये बांगडी वाजत नव्हती.

आणि एकदम सकाळ झाली. वीणा वाजता वाजता मध्येच तुटली, पाखरं ओरडायला लागली, कनकलेखा मोकळ्या केसांनी घाटाच्या पायऱ्या उतरत होती.

"अवं, मधलं कुठं गेलं?" कोणीतरी म्हणालं.

सगळा हॉल हसला. द्वारकाबाईनं मागे वळून ऑपरेटरच्या खिडकीकडे हात केला. "ओ गफूरभाई, मांगं घ्या जरासं."

"वो बंबई में रह गया, अक्का," वरून गफूरभाईचा आवाज आला.

पुढं राजाला मूर्तीचा चेहरा पाहून सगळं कळतं. तो चेहरा तासून टाक म्हणून हुकूम करतो. मूर्तिकार छिन्नी खाली ठेवतो. कनकलेखा दागिने उतरवून पायरीवर ठेवते आणि दोघं नावेत बसून निघून जातात. नाव दूर जाईपर्यंत दिसत राहते.

"गेली म्हनाची," कुसुमबाई म्हणाली. तिच्या आवाजात समाधान होतं.

दिवे लागले. सोजरबाईनं सवयीनं धावत जाऊन पडदा ओढला, आणि बाया पुन्हा हसल्या, कारण पलीकडे कोणी नव्हतंच. तिनं तो परत सारला. कोणी उठेना. काहीजणी भिंतीला वळसा घालून पुरुषांच्या खुर्च्यांवर जाऊन बसून पाहू लागल्या, कशा आहेत म्हणून. बाकीच्या पुढच्या बाकांभोवती गोळा झाल्या आणि बोलणं त्या मधल्या तुकड्यावर आलं.

द्वारकाबाईनं आपलं मत सांगितलं. ते तिनं पदर तोंडाला न लावता, खाणाखुणांसकट सांगितलं, आणि पोरीबाळी भिंतीकडे तोंड करून हसल्या. मोहल्ल्यातली एक बाई म्हणाली, बरसात की रात है, पहले तो उसने खाना पूछा होगा. रुक्माबाई नेहमी गप्प असणाऱ्या, त्या म्हणाल्या, "मला वाटतं त्यानं तिला आपलं नाव सांगितलं असेल. आख्ख्या सिनेमात त्याचं नाव कोणी घेत नाही. त्याच रात्री सांगितलं असेल."

"मले नाई वाटत काई झालं असन," कुसुमबाई म्हणाली. ती खाली पाहत होती. "बसले असतीन दोघं. तो इचारत असन, आज दिवसभर काय केलं तुनं. आन् ती सांगत असन. पुरं सांगेपर्यंत तो उठत नसन."

यावर कोणी हसलं नाही. एका तेलुगू बाईनं शेजारणीला विचारून तिचं बोलणं समजून घेतलं.

"तू सांग वं सोजरबाई," द्वारकाबाई म्हणाली. "तू तं सगळे सिनेमे पाह्यले."

सोजरबाई बाकाच्या टोकाला टेकली होती. तिला वाटलं, काहीतरी गमतीचं सांगावं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"माह्यी पहिली पोरगी गेली," ती म्हणाली. "दीड वर्साची होती. तापानं गेली. मंग मी उठतच नव्हतो. खात नव्हतो, आंग धूत नव्हतो. केसाची जट झाली पुरी. सासू म्हने कापून टाका. एका दिसी हे मार्केटातून आले, पानी तापवलं, मले उचलून नेलं आन् न्हानीतल्या दगडावर बसवलं. रिठ्याचा फेस केला. आन् माह्ये केस सोडवाले बसले. एक एक गाठ. हमालाचे हात, बोंद्र ओढून ओढून भेगा पडलेले, पन एक केस तुटू नाई दिला. पानी थंड झालं का पुन्ना तापवाचे. एक शब्द बोलले नाई. मी बी नाई बोललो. दिवेलागन झाली, तवा झालं. तेल लावलं, इंचरलं."

ती थांबली. बाहेरून कोणाचं तरी लेकरू रडल्याचा आवाज आला आणि लगेच थांबला.

"मंग?" कोणीतरी हळूच विचारलं.

"मंग दिवा मीच मालवला," सोजरबाई म्हणाली.

बाया हळूहळू उठल्या. दारातून एकेक बाहेर पडली. लिंबाखाली खुशाल मांडी घालून बसला होता, मांडीवर एक झोपलेलं, दुसऱ्याची झोळी हातानं हलवत. बाया आपापलं लेकरू उचलून घेत होत्या, आणि जाता जाता जी ती त्याच्या हातांकडे पाहत होती. कुसुमबाईचं लेकरू तिथं नव्हतं, तरी ती त्याच्यासमोर क्षणभर थांबली, पदर सारखा केला आणि गेली.

घरी जाताना खुशाल म्हणाला, "काऊन पाहून राह्यल्या होत्या माह्याकडं?"

"लेकरं नीट सांभाळली का पाहत असतीन," सोजरबाई म्हणाली.

पण तिला ते पोटात ठेववेना. जेवण झाल्यावर तिनं सांगून टाकलं, सगळ्या बायांसमोर मी असं असं बोलले म्हणून. खुशालनं सुपारी कातरायची थांबवली. ती आता रागाची वाट पाहत होती.

"रिठे नव्हते," तो म्हणाला.

"काय?"

"रिठे संपले होते तवा. शिकेकाई होती. बापूजीच्या घरून आनली होती."

आणि तो परत सुपारी कातरायला लागला. अठरा वर्षं सोजरबाई समजत होती की त्याला ते आठवतही नसेल.

गावात गोष्ट लपून राहणं शक्यच नव्हतं. समिती चंपतरावांच्या घरी जमली. सुधाकररावांवर काय कारवाई करावी यावर बोलणं चाललं होतं. कोणीतरी म्हणालं, शेवटी तो मूर्तिकार मरतो तेव्हा ती नर्तकी किती निर्लज्जपणे वागते. चहा घेऊन आलेली कुसुमबाई दारातच थांबली. "तो मरत नाई," ती म्हणाली. "दोघं नावेत बसून जातात." कप ठेवून ती आत गेली. चंपतरावांनी कप उचलला. बाकीच्यांनी चहा पिऊन टाकला. त्यानंतर समितीची बैठक त्यांच्या घरी भरली नाही, आणि कारवाईचं काय झालं ते कोणाला कळलं नाही. सिनेमा आणखी एक आठवडा चालला, जनान्याचं दार उघडं ठेवून. सोजरबाईला चंपतरावांशी बोलायची वेळ आली नाही.

पाच वर्षांनी रुक्माबाईंच्या भाच्यानं दुबईहून त्या सिनेमाची न कापलेली कॅसेट आणली. रविवारी दुपारी सातआठ जणी त्यांच्या घरी जमल्या. द्वारकाबाईला आता नीट दिसत नव्हतं, तिला टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसवलं. पावसाची रात्र आली, मूर्तिकारानं हात गालाजवळ नेला, आणि या वेळी तो गालावर टेकला. मग खांद्यावरून शेला घसरला, उघडी पाठ दिसली, दिव्याची वात दिसली, मग नदीचं पाणी. पाणी बराच वेळ होतं. मग सकाळ.

"झालं?" द्वारकाबाईनं विचारलं. "एवढ्यासाठी तीन वर्सं भांडले?"

रुक्माबाईंनी टेप मागं नेऊन तेवढंच परत लावलं. "चांगलं हाय," सोजरबाई शेवटी म्हणाली. "काऊन कापलं असन." आणि मग रुक्माबाईंनी सगळ्यांसाठी पोहे केले.

घराघरात केबल आली तशा बाया टॉकीजला यायच्या कमी झाल्या. चौऱ्याण्णव साली सुधाकररावांनी मधली भिंत पाडली, नव्या खुर्च्या टाकल्या आणि गल्लीतलं दार विटांनी बुजवून टाकलं. सोजरबाईला त्यांनी मोठ्या दारावर घेतलं, गफूरभाईच्या भावाबरोबर. पहिल्या दिवशी तिला म्हणाले, आज काम नको करू, खुशालला घेऊन ये आणि सिनेमा पाहा.

खुशाल नवीन सदरा घालून आला. दोघं मधल्या रांगेत शेजारी बसली. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली होती, आणि टॉकीजमध्ये एकमेकांच्या बाजूला बसायची ही पहिलीच वेळ. सिनेमा मारामारीचा होता, दोन भाऊ लहानपणी हरवतात तसला. इंटरवलनंतर खुशालची मान तिच्या खांद्यावर कलली. तिनं ती तशीच राहू दिली. सिनेमा सुटल्यावर मार्केटच्या कोपऱ्यावर त्यांनी चहा घेतला. शेवटी त्या दोघांतला खरा भाऊ कोणता निघाला, असं त्यानं विचारलं, आणि घरी पोचेपर्यंत ती त्याला सांगत गेली.